पूर खोऱ्याचा, बैठक तालुक्याची

वाळवंटीकाठ (धागाकर्ता)

मे महिना संपत आला की गोव्यातल्या आमच्या साखळीत, डिचोली तालुक्यातल्या या शहरात, मान्सूनपूर्व बैठक होते. मामलेदार, पालिका, वीज, अग्निशामक, जलस्रोत, सगळी खाती हजर. गटारं उपसली का, पंप चालू आहेत का, तारांवरच्या फांद्या छाटल्या का? हे सगळं हवंच. पण आमची वाळवंटी नदी काही डिचोली तालुक्यात जन्माला येत नाही. तिचं पाणी चोर्ला घाटाकडून सत्तरीतल्या केरी-मोर्ले भागातून येतं, एक फाटा दोडामार्ग तालुक्यातल्या विर्डीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून येतो. वर अंजुणे धरण. खाली ती मांडवीच्या पाण्यात जाते, आणि मांडवीला भरती असली की वाळवंटीचं पाणी हलत नाही. घाट, शेजारचं राज्य, धरण, भरती. या चारांपैकी एकही गोष्ट बैठकीच्या विषयपत्रिकेवर नसते.

ज्यांनी साखळी बघितलेली नाही त्यांच्यासाठी. बाजारातून एक नाला वाळवंटीला मिळतो. नदी चढली की त्याचं तोंड बंद करावं लागतं, नाहीतर नदीच बाजारात शिरेल. तोंड बंद केलं की बाजारात पडणारा पाऊस आतच राहतो, मग तो पंपांनी उपसून नदीत टाकायचा. या योजनेने आम्हाला कितीतरी वेळा वाचवलंय, तिला नावं ठेवणार नाही. पण पंप किती तास चालवावे लागणार हे बाजारात ठरत नाही. केरीत किती इंच पडला आणि भरती किती वाजता, यावर ते ठरतं.

२३ जुलै २०२१ आठवा. सत्तरी, डिचोली, धारबांदोडा एकाच दिवशी पाण्याखाली. त्याच दिवशी दूधसागर-सोनावळी दरम्यान दरड कोसळून रेल्वेचे डबे घसरले. १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर, असं मुख्यमंत्री म्हणाले. पाणी एकाच घाटमाथ्यावरून आलं, पंचनामे मात्र तालुक्यागणिक झाले.

तर विचारायचं ते एवढंच: पुराचं नियोजन तालुक्याऐवजी अख्ख्या खोऱ्याचं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? गोव्यात ते जमेल का? जाणकारांनी लिहावं.

तिलारीखालचा

आमची शापोरा नदी घ्या. तिच्या पाण्याचा उगम बघायला गेलात तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडपर्यंत जावं लागेल. तिथून दोडामार्ग, तिलारीचं मोठं धरण, मग मणेरी, मग गोव्यात साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल, पुढे कोलवाळ, शिवोली आणि समुद्र. दोन राज्यं, तीन जिल्हे.

ऑगस्ट २०१९ मध्ये वर धो धो पाऊस, धरण भरलेलं, विसर्ग वाढवला आणि खाली पेडणे-डिचोली-बार्देशच्या काठावरच्या गावांत पाणी. धरण महाराष्ट्राच्या हद्दीत, म्हणजे इशारा आधी तिथल्या यंत्रणेतून, मग इथल्या यंत्रणेतून, मग आमच्यापर्यंत. नदी मात्र सरळ येते.

गंमत म्हणजे तिलारी दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प. १९९० चा करार आहे. पाण्यात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के, महाराष्ट्राचा २६.७. दशांशापर्यंत हिशोब. पण पुरात कुणाचा किती वाटा, हे कुठे लिहिलंय? कालव्याच्या पाण्यावर तावातावाने बोलणारे आमचे पुढारी सांडव्याच्या पाण्यावर गप्प.

बापू_कोलवाळ

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

हेडवर्क्स

तिलारीखालचा बाब, राग समजतो. आयुष्य पाटबंधाऱ्यात गेलं, म्हणून धरणवाल्यांची बाजूही मांडतो.

धरण पूर अडवतं ते रिकाम्या जागेत. भरलेलं धरण पूर अडवू शकत नाही, वरून येईल तेवढं खाली द्यावंच लागतं. आता पिण्याचं पाणी आणि सिंचन यासाठी बांधलेल्या धरणाला आपण काय सांगतो? पावसाळा संपेपर्यंत भर. पुरासाठी काय सांगायला हवं? जागा ठेव. जुलैत जागा ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला तर मार्चमध्ये लोक घागरी घेऊन त्याच अभियंत्याच्या दारात येतात. म्हणून कुठल्या तारखेला पातळी किती असावी याचं वेळापत्रक असतं, ज्याला आम्ही रूल कर्व्ह म्हणतो. ते जुन्या पावसाच्या सवयीवर बेतलेलं असतं, आणि पावसाने सवयी बदलल्या आहेत. साळावली धरणाला तर हाही प्रश्न नाही. तिथला डकबिल सांडवा दाराविना आहे, भरलं की पाणी आपलं आपण जातं. पर्यटक फोटो काढतात ते तेच.

खोऱ्याचं नियोजन म्हणजे या वेळापत्रकात तीन गोष्टी आणणं. पहिली, घाटमाथ्यावरचा पाऊस त्याच तासाला धरणावर कळणं. दुसरी, सोडलेलं पाणी कुठल्या गावाला किती तासांनी पोचतं याचा तक्ता. आणि तिसरी गोव्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे भरती. मांडवी आणि जुवारीत भरतीचा परिणाम समुद्रापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत जाणवतो, मांडवीत थेट गांजेपर्यंत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी दोन-सव्वादोन मीटर वर-खाली होतं. तेच पाणी ओहोटीच्या तोंडावर सोडलं तर समुद्र ओढून घेतो, भरतीत सोडलं तर गावात पसरतं. भरतीची वेळ वर्षभर आधी छापून मिळते. निसर्गातली एवढी पक्की माहिती दुसरी नाही, आणि ती विसर्गाच्या कागदावर नसते!

पण सावधही करतो. खोऱ्याचं महामंडळ काढलं की झालं, असं नाही. दामोदर खोरे महामंडळ १९४८ चं, देशातलं पहिलं, अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर काढलेलं. ठरलं होतं त्याहून कमी धरणं झाली, आणि आजही पावसाळ्यात विसर्गावरून पश्चिम बंगाल आणि महामंडळ यांच्यात जुंपते. आंतरराज्य नद्यांसाठी १९५६ चा नदी मंडळ कायदाही आहे. त्याखाली आजवर एकही मंडळ उभं राहिलेलं नाही.

फुकटचा_सल्ला

म्हणजे धरणाने एकाच वेळी भरलेलंही असायचं आणि रिकामंही. आमच्या आमदारांना जमेल, ते एकाच वेळी दोन पक्षांत असतात.

संपादक

फुकटचा_सल्ला, राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. धागा चांगला चाललाय, भरकटवू नका.

कृष्णाकाठ_ते_मांडवी

मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त पणजीत. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुरात आमच्याकडे एकच आरोळी: अलमट्टी, म्हणजे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण! २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र सांगलीच्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडायला नकार दिला. नदीपात्रातली आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं, बांधकामं यांच्याकडे बोट दाखवलं. लोकांना ते आवडलं नाही. शेजारच्या राज्याला शिव्या देणं सोपं, आपल्या मेहुण्याने ओढ्यात घातलेला भराव काढणं अवघड.

म्हणून तुम्हा गोवेकरांना एक विचारतो. महाराष्ट्रात निदान कागदावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाळतात का, तो विषय सोडा. तुमच्याकडे नदीकाठी घर बांधायला परवाना देताना कुठली रेषा बघतात?

वाळवंटीकाठ

आमच्याकडे तोंडात असते ती सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची रेषा. ती भरतीच्या पाण्यावरून आखतात, पुराच्या नाही. भरती जिथे संपते तिथून वर, म्हणजे नेमकं वाळपई-सत्तरीच्या भागात, जिथे पूर सगळ्यात जोरात येतो, तिथे ती रेषाच नाही. पूरक्षेत्राच्या विभागणीचा नमुना कायदा केंद्राने १९७५ मध्ये राज्यांना पाठवला होता. तो मोजक्याच राज्यांनी केला, त्यांत गोवा नाही.

मानशीवाला

एवढं सगळं वाचलं. धरण, घाट, कायदा. खालच्या टोकाला आम्ही राहतो, आमचं कोण लिहिणार? मीच लिहितो.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. भरतीच्या पातळीच्याही खाली असलेली जमीन, बांध घालून राखलेली. हे बांध पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचे, गावकारीने, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेने घातलेले. बांधात जागोजागी मानस असते. जांभ्या दगडाची चौकट, तिला लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, दारं आपोआप मिटतात. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतलं दाबतं, दारं उघडतात. वीज नाही, पंप नाही, माणूस लागतो तो फक्त राखणीला. दारातून आत आलं की पॉय, म्हणजे रुंद खोल खाडीसारखा चर, आणि त्याच्या फाट्या शेतातून फिरलेल्या.

आता बघा. भर पौर्णिमेची भरती, दारं मिटलेली, वरून मुसळधार. आत पडलेला पाऊस आणि डोंगरावरून उतरलेलं पाणी कुठे जाणार? ओहोटी लागेपर्यंतचे सहा तास ते पॉयीत आणि शेतात थांबतं. दारं उघडली की निघून जातं. पूर्वजांनी त्या सहा तासांची जागा राखून ठेवली होती. ती जागा आपण विकली. पॉय गाळाने भरली, शेतात लाल मातीचा भराव पडला, त्यावर घरं, गॅरेज, लग्नाचे हॉल. आणि मग पावसाळ्यात बातमी येते की 'सखल भागात पाणी शिरलं'. अहो, ते शिरलं नाही, त्याची थांबायची जागा तीच होती!

हे मोडलं कसं, तेही ऐका. गावकारी, पोर्तुगीज अमदानीत जिची कोमुनिदाद झाली, तिच्याकडे बांधाची जबाबदारी होती. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्यातल्या १९७६ च्या दुरुस्तीने शेत कुळांचं झालं आणि बांध कूळ संघटनांकडे आले. कुळांना जमीन मिळाली हे योग्यच झालं, मी स्वतः कुळाच्या घरातला. पण बांध राखायची शिस्त तेवढ्या सहजी हस्तांतरित झाली नाही. भात परवडेना, शेत पडीक, बांधाकडे कोण बघतो? उलट मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, त्यात पैसा. मग जास्त मासळीसाठी भरतीला दारं मुद्दाम उघडी ठेवली जातात, खारं पाणी आत, शेत मेलं, खारफुटी उगवली. खारफुटी उगवली की तिला हात लावता येत नाही, आणि बांध दुरुस्त करायचा तर परवानग्या.

आता आमच्या बांधासाठी किती दारं ठोठवायची बघा. मृदसंधारण कृषी खात्याकडे, नदी जलस्रोतकडे, जलमार्ग बंदर कप्तान खात्याकडे, खारफुटी वन खात्याकडे, संघटनेचा कारभार मामलेदारांकडे, भरावाची तक्रार नगरनियोजनकडे आणि किनारी प्राधिकरणाकडे. आमच्या गावात भगदाड पडलं तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तोवर भगदाड एवढं वाढलं की होडी आत जाईल.

सुलभाताई_म्हापसा

मानशीवाला दादा, फार छान लिहिलंत. कोकण रेल्वे खाजनांतून न्यायला १९९० च्या दशकात जो विरोध झाला तो आमच्या पिढीला आठवतो. तेव्हा त्या लोकांना विकासविरोधी म्हटलं गेलं. मडगावच्या पश्चिम बायपासचंही तेच: बाणावली-सुरावलीच्या लोकांचं म्हणणं होतं, रस्ता करा, पण मातीच्या भरावावर नको, खांबांवर करा, नाहीतर साळ नदीच्या शेतांतलं पाणी अडेल. खोऱ्याचा विचार यापेक्षा वेगळा काय असतो? फक्त त्यांनी तो शब्द वापरला नाही.

पर्वरी_२बीएचके

थोडं विरुद्ध बोलतो, रागावू नका. सगळे भरावाला शिव्या देतात. पण ज्याची जमीन खाजनात आहे त्याने वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पुराचं पाणी आपल्या शेतात झेलायचं, आणि भाव कुणाला? पठारावरच्या प्लॉटवाल्याला. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली झोन बदलायला लोक का धावले? कारण शेत राखून पोट भरत नाही. खाजन शहराला वाचवतं हे मान्य असेल तर शहराने त्याचे पैसे मोजावेत. नुसती पूररेषा आखली तर रात्रीत काठावरच्या माणसाची जमीन मातीमोल होईल, आणि तो पहिला टिप्पर स्वतःच बोलावेल.

मानशीवाला

या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. हॉलंडमध्ये नदीला जागा देण्याची मोठी योजना राबवली, तिथे बांध मागे सरकवले, पण काठच्या शेतकऱ्यांशी बोलून आणि भरपाई देऊन. आमच्याकडे जमीन घेतात रस्त्याला, पाणी पाठवतात फुकट.

रगाडा

वरच्या टोकाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून सत्तरीतून लिहितो. डोंगरावर झाडाखाली पालापाचोळ्यात पडलेला पाऊस आणि बोडक्या उतारावर पडलेला पाऊस एकाच वेगाने खाली येत नाही, हे इथल्या पोरालाही कळतं. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात मातीचे डंप वर्षानुवर्षं पावसात धुपत आले. ती माती व्हाळात, व्हाळातून नदीत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या म्हणून आधी पात्रात बसलेला गाळ उठून गेला नाही. पात्र उथळ झालं की कालपर्यंत जे पाणी काठात मावत होतं ते आज काठाबाहेर. मग गाळ उपशाची निविदा निघते. वरचा डंप तसाच ठेवून खाली गाळ काढणं म्हणजे कंत्राटदाराला कायमची नोकरी.

दुसरं, साकव आणि ठेंगणे पूल. पुरात वाहून आलेले ओंडके त्यांना अडकतात, बघता बघता बंधारा तयार होतो, वरचं गाव बुडतं आणि तो फुटला की खालचं. बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेत काढल्या का, पुलाखालची कमान मोकळी आहे का, एवढं मे महिन्यात नदीच्या उगमापासून तोंडापर्यंत एकाच माणसाने चालत बघितलं पाहिजे. आज पुलापर्यंत एक खातं येतं आणि पुलापासून दुसरं.

तळपणकार

काणकोणहून. धाग्याचं शीर्षक वाचून हसू आलं. आमच्या तळपण आणि गालजीबाग नद्यांचं खोरं जवळजवळ सगळं एकाच तालुक्यात बसतं. ना आंतरराज्य वाद, ना मोठं धरण. तरी २ ऑक्टोबर २००९ ला काय झालं? काही तासांत ढग रिकामे झाले, डोंगर सुटले, चिखल, दगड, झाडं घेऊन नदी पैंगीणकडून खाली आली. माणसं गेली, घरं गेली. आमच्या नदीला डोंगरातून समुद्रात जायला अंतरच किती? तक्ते, बैठका, रूल कर्व्ह यांना वेळ कुठे आहे?

हेडवर्क्स

तळपणकारांचा मुद्दा बरोबर. आखूड, तीव्र उताराच्या नदीला विसर्गाचं नियोजन लागू पडत नाही, तिथे दोनच गोष्टी कामाच्या: उतार कापू न देणं आणि वर पाऊस कोसळायला लागताच खालच्या वाड्यांना उठवणं. म्हणजे प्रत्येक खोऱ्याचा आराखडा वेगळा. मांडवीत भरती आणि उपनद्यांचा मेळ, शापोऱ्यात धरण, साळ नदीत भराव आणि सपाटी, काणकोणात डोंगर. एकच छापील 'आपत्ती व्यवस्थापन आराखडा' सगळ्या तालुक्यांना चालवला जातो, दुखणं तिथे आहे.

वाळवंटीकाठ

म्हादईबद्दल, म्हणजे मांडवीच्या वरच्या अंगाबद्दल एक. पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ चा. खोऱ्यात १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरलं, त्यातून कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. निवाडा अमलात आणायला केंद्राने २०२३ मध्ये 'प्रवाह' प्राधिकरण मंजूर केलं, कार्यालय पणजीत. कर्नाटकाने कळसा-भांडुऱ्याचं पाणी वळवू नये, यासाठी मीही मोर्चात गेलोय आणि पुन्हा जाईन. पण आपली सगळी लढाई जानेवारी ते मेच्या पाण्याची आहे. वर्षाचं बहुतेक पाणी चार महिन्यांत डोळ्यांदेखत वाहून जातं, त्या चार महिन्यांबद्दल तिन्ही राज्यं एका टेबलावर बसत नाहीत. टेबल आहे, खुर्च्या आहेत, पणजीतच आहे. खानापूरच्या पर्जन्यमापकाचा आकडा दर तासाला गोव्याला द्या, एवढं मागायला कुठला खटला आड येतो?

कृष्णाकाठ_ते_मांडवी

हे मागणं पटलं. पाणीवाटपावर भांडणारी राज्यंसुद्धा पावसाचे आकडे वाटून घेऊ शकतात, त्यात कुणाचं काही जात नाही. कृष्णेत २०१९ नंतर महाराष्ट्र आणि कर्नाटकचे अभियंते पावसाळ्यात एकमेकांच्या संपर्कात राहू लागले, तेही भांडण मिटवून नव्हे, बाजूला ठेवून.

हेडवर्क्स

सरकार करेल तेव्हा करेल. ग्रामसभेत मांडता येतील अशा गोष्टी सांगतो. घाटाखालच्या शाळेत साधा पर्जन्यमापक, पावसाळ्यात रोज सकाळी वाचायचा, जोर असेल तर दर तीन तासांनी, आकडा खालच्या सगळ्या गावांच्या एकाच गटावर. नदीवरच्या प्रत्येक पुलाच्या खांबावर ठळक मीटरपट्टी. मागच्या पुरांच्या खुणा घरांच्या भिंतींवर असतात, त्या माणसं आहेत तोवर नोंदवून घ्या. भरतीचं वेळापत्रक पंचायतीच्या फळ्यावर. एवढी नोंद दोन-तीन पावसाळे झाली की पाणी किती तासांनी पोचतं ते तुम्हीच सांगाल.

रगाडा

शाळेचं मी बघतो. आमचे एक गुरुजी उत्साही आहेत, पोरांना वहीत नोंदी करायला लावतील.

मानशीवाला

गटात आम्हाला घ्या. ओहोटी लागली आणि मानस उघडली की त्यावर टाकत जाईन. आणि भरतीला कुणी दार उघडं ठेवलं तर तेही, नावासकट.

संपादक

नावं इथे नकोत, तुमच्या गटात काय ते करा.

तिलारीखालचा

शापोऱ्याच्या बाजूने साळ, इब्रामपूर, हणखणेची माणसं मी जमवतो. मणेरीत आमची सोयरीक आहे, तिकडचा एक जण मिळेल, म्हणजे आंतरराज्य समन्वय झाला. पुलाच्या खांबावर जुने आकडे आहेत, पण पुसट. नवीन रंगाचे पैसे पंचायतीने द्यायचे, जलस्रोतने, की पूल ज्यांचा त्या बांधकाम खात्याने, हे सोमवारी विचारून सांगतो.